दादाचा फोन बिघडलेला नाही

गुरुवार, १४ तारीख
शाळेतून, मधली सुट्टी

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. आम्ही ठीक आहोत. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. उत्तराला तीन दिवस लागले, कारण दोनदा लिहून फाडलं. फोनच केला असता, पण तू काही विचारलं असतंस आणि मी पुन्हा काहीतरी ठोकून दिलं असतं.

तुझा दादा आता काठीशिवाय चालतो. शर्टाची बटणं स्वतः लावतो, मला हात लावू देत नाही. मी शाळा पुन्हा सुरू केलीय, तेवढा वेळ शेजारच्या काकू त्याच्याजवळ बसतात. बोलणं मात्र तसंच. औषधांच्या दुकानात तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, चार गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या एकदम डोक्यात ठेवायचा. परवा मी म्हटलं, "कपाटातून टॉवेल काढ, खिडकी लाव आणि चष्मा आण." तो टॉवेल हातात धरून कपाटाशी उभाच राहिला. वाक्याचं तोंड हाती येईपर्यंत शेपूट निसटून जातं, असं थेरपीच्या बाई सांगतात. स्ट्रोकने वाचा गेली की, म्हणजे वाचाघातात, असं होतं म्हणे.

पहिल्या तपासणीला मी शेजारी बसले होते. बाई शब्द म्हणायच्या आणि त्याने ते मागून म्हणायचे. मराठीत तो एका शब्दापुढे गेलाच नाही. मग बाईंनी तुमच्या आईंच्या भाषेतले म्हटले, त्यांना ती येते हे माझं नशीब. त्याने चार म्हटले, धडाधड. आणि हसला. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा हसला, बेबी, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा हसला म्हणून बायकोला राग आला, हे कुणाला सांगायचं?

जुनं उकरून काढतेय, पण ऐक. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मायलेकरं स्वयंपाकघरात त्या भाषेत खिदळायचात. मी आत आले की लगेच मराठीत यायचात, पाहुणी आल्यावर कुणी पाय खाली घेतं ना, तसं. तुम्ही चांगल्या मनाने करत होता. मला मात्र दर वेळी वाटायचं, माझ्यावरच हसत होते. सत्तावीस वर्षं मी त्याच्याशी मराठीत भांडले, मराठीत लाड केले, मराठीत दोन पोरी वाढवल्या. पोटासाठीसुद्धा मराठीच शिकवते. आणि डोक्यात गुठळी अडकली तेव्हा त्याने वाचवलं काय, तर तुमचं स्वयंपाकघर.

आता खरं सांगते. दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतो, म्हणून डॉक्टरांनी तुझे फोन बंद करायला सांगितलेत, असं मी तुला म्हटलं होतं. असं कुणीही सांगितलं नव्हतं. बाई उलट म्हणाल्या, "येतेय त्या भाषेत त्यांना भरपूर बोलू द्या. बहिणीला रोज फोन करायला सांगा. एक मोकळी झाली की दुसरीलाही बऱ्याचदा जोर येतो. पण आत्ताच, हे पहिले महिने घालवू नका." मी शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी येऊन तुला थाप मारली. तू बिचारीने ऐकलंस. त्याच्या सरावाच्या चित्रांच्या वहीत दोन रकाने आहेत, दोन भाषांतल्या शब्दांचे. मराठीचा मी रोज लाल पेनाने भरते. दुसरा चार महिने कोरा आहे.

मग गेल्या महिन्यात तुला राहवलं नाही आणि मी बँकेत गेले असताना तू फोन केलास. मी परत आले तर तो खिडकीशी हातवारे करत बोलत होता. अडखळत होता, पण थांबत नव्हता. मी पिशवी मुद्दाम आपटली. तासाभराने चहा टाकायला गेले, तर मागून आला, खांद्याला धरून मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "तू बस. चहा मी करतो."

मराठीत. पाच शब्द, एकही न गळता.

दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे तुला फोन करून रडली असती. मी तो बिनसाखरेचा चहा प्यायले आणि मनात एकच, की हेसुद्धा बेबीने दिलं. माझा नवरा माझ्या भाषेत माझ्याशी बोलला, आणि तेही तुझ्या हातून. तो आंघोळीला गेला तेव्हा त्याच्या मोबाइलवर तुझा नंबर ब्लॉक केला. म्हणून तुझा फोन लागत नव्हता. बिघडलाय का, असं तू पत्रात विचारलंस, पण मोबाइल धडधाकट आहे.

त्याला तेवीस दिवस झाले. तसं वाक्य पुन्हा आलेलं नाही. "ते", "हे", "नको", एवढंच, आणि तेही रोज थोडं कमी. काल त्याने मोबाइलवर तुझा फोटो उघडला आणि माझ्यापुढे धरला. शब्द शोधत होता. वर्गात पोरगं अडलं की मी लगेच सुचवते. काल मिठाची गुळणी धरून बसले. बराच वेळ त्याने वाट पाहिली, मग मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेला. माझी मलाच लाज वाटली गं.

आज सकाळी तुझा नंबर सुरू केलाय. रोज दहाला फोन कर. रविवारी मी घरात असेन, तेव्हाही कर. खिदळा, माझ्यावर हसायचं तर हसा, माझ्यासाठी मराठीत येऊ नका. मी पिशव्या आपटणार नाही. दुसरा रकाना तू सांगशील तसा मराठी अक्षरांत मी भरेन.

मी काय केलं ते त्याला सांग. मला सांगायचा धीर नाही, आणि माझं एवढं लांबलचक बोलणं त्याच्या हाती लागणारही नाही. तुमच्या भाषेत सांग, थोडं थोडं करून. फक्त नंतर त्याला मला रागवायला लाव, चांगलं खडसावून, मराठीत. मी समोर बसेन आणि मध्ये एक शब्दही सुचवणार नाही.

जळते अजून. तरी तुझीच,
वहिनी