सात झबल्यांवरचं नाव

पोरीला घेऊन नोंदणीच्या ऑफिसात चाललेय. तुला उठवलं नाही. उठवलं असतं तर अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं असतं.

धुवायच्या शर्टाच्या खिशात तिचा जन्मदाखला सापडला. त्यावर तुझ्या ताईने सुचवलेलं नाव! नोंदणीची तारीख महिन्यापूर्वीची. म्हणजे मी सात झबल्यांवर आपण दोघांनी ठरवलेलं नाव भरत होते, तेव्हा तू शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होतास आणि चकार शब्द काढला नाहीस!

चहा झाकून ठेवलाय. गार झाला असेल, तसाच ढोस.

नाव बदलायला दोघांच्या सह्या लागतात म्हणे. बाराच्या आत ये. येणार नसशील, तर बापाच्या रकान्यात कोणाचं नाव घालायचं, तेही ताईलाच विचारून ठेव.