डब्याला पांढरा रंग

डेटन, ओहायो
१० जानेवारी १९९४

चि. लोरीन हिस (वय सहासष्ट, अक्कल सोळाची) व्हर्नाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि संत्र्यांची पेटी, दोन्ही पोचलं. संत्री गोड निघाली. पत्राबद्दल तसं म्हणता येणार नाही.

ऑर्व्हल गेल्यापासून एकटीला घर खायला उठतं, तेव्हा ताई, तू कायमची फ्लोरिडाला राहायला ये, असं तू लिहितेस. बाई गं, घर खायला उठतं हे मलाही ठाऊक आहे. पण तू राहतेस तो पत्र्याचा लांबुळका डबा आहे, आणि डबा कुणाला खायला उठल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्याला म्हणे फिरतं घर म्हणायचं! वीस वर्षांत ते कोपऱ्यापर्यंतसुद्धा फिरलेलं नाही. वर वादळात उडून जाऊ नये म्हणून पोलादी पट्ट्यांनी जमिनीला बांधून ठेवलंय, चावऱ्या कुत्र्यासारखं.

मी तिथे एकदाच आले, एक्क्याऐंशीच्या थँक्सगिव्हिंगला. त्या चॉकलेटी भिंती अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. लाकूडही नव्हे, लाकडाचं छापील चित्र! आणि खुर्चीत तुझा नवरा, सिगारचा धूर सोडत. मी आपली गमतीने भिंतीवर टकटक केली आणि हा माशांचा हवाबंद डबा उघडायची किल्ली कुठे मिळते, एवढंच विचारलं. तर महाराज जे रुसले ते मरेपर्यंत. व्हर्ना याला घर म्हणेल तेव्हाच तिच्याशी बोलेन, असं म्हणाला होता ना? बारा वर्षं फोनवर माझा आवाज ऐकला की हूं की चूं न करता फोन तुझ्या हातात.

तेव्हा माझी अट ऐक. त्या भिंती पांढऱ्याशुभ्र कर, सिगारचा वास घालव, मग मी विचार करीन. मला काही घाई नाही. इथे ड्वाइट आणि शेरिल, माझे मुलगा-सून आहेत म्हणून सांगत नाही, मला तळहातावरच्या फोडासारखं जपतात. तळघरातली अख्खी खोली मला एकटीला दिली आहे.

कळावे. माया आहेच, डब्यावर नाही, तुझ्यावर.

व्हर्ना

---

पेलिकन पार्क, फ्लोरिडा
२१ जानेवारी

ती. व्हर्नाताईस लोरीनचा सा. न. वि. वि.

आधी एक सांगते. पाकिटावर ‘डबा क्रमांक ३१’ असा पत्ता लिहायचं थांबव. आमचा पोस्टमन तो क्लबहाउसच्या दारात उभा राहून मोठ्यांदा वाचतो, आणि मग बिंगो संपेपर्यंत शेजारची आर्डिथ खिदळत असते. स्वतः तसल्याच डब्यात राहते, पण तिच्या डब्याला जाळीचा व्हरांडा आहे ना, त्यामुळे ती राजवाड्यातली.

तुझी अट वाचून आधी राग आला. मग भिंतीकडे बघितलं आणि राग थोडा ओसरला. दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानात गेले. पांढऱ्या रंगाचे तिथे इतके प्रकार की माझी मतीच गुंग झाली. दुकानदाराने मला विचारलं, घरात कुणी सिगार-सिगारेट ओढतं का. मी म्हटलं, नाही. आता खरंच कुणी ओढत नाही! गेलेल्या माणसाच्या चुगल्या परक्या दुकानात कशाला करायच्या? त्याने दोन डबे काढून दिले आणि मला खूश करून पाठवलं.

सोफ्यावर चादरी टाकल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि सुरू केलं. छत इतकं खाली की रोलरची काठी दर वेळी वर आपटायची. दोन फळ्यांच्या सांध्यावर बारीक पट्ट्या असतात ना, तिथे ब्रशने कडा ओढता ओढता मान मोडली. पण संध्याकाळी काय सांगू, ताई! लग्नाच्या केकमध्ये बसल्यासारखं वाटत होतं. एवढंसं घर दुप्पट झालं. मी एकटीच टूना-नूडल्सची बशी घेऊन मधोमध उभी राहून जेवले.

सकाळी उठून बघते तर ऑर्व्हलच्या खुर्चीच्या वर, जिथे तो डोकं टेकायचा अगदी तिथे, पिवळा डाग. माणसाच्या डोक्याएवढा.

आता काय करू ते कळव. प्रेम असू द्यावे, आणि पाकिटावर नीट पत्ता.

लोरीन

---

डेटन
२९ जानेवारी

चि. लोरीन हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की वरून शेरिलने जमिनीवर पाय आपटला. म्हणजे मेल्यावरसुद्धा तुझा नवरा भिंतीतून तोंड काढून बघतो, पण बोलायचं नाव नाही! माझी खात्री आहे, मी येणार हे ऐकूनच तो वर आलाय.

घाबरतेस काय? दुसरा हात मार. रंगाचा एक हात पुरला असता तर जगात रंगारी उपाशी मेले असते. आणि त्या खुर्चीचं काहीतरी कर. ती तशीच ठेवली तर तो उठणार कशाला?

खुर्चीवरून आठवलं. शेरिलने चालायचं यंत्र आणलंय. त्याच्या पट्ट्यावर ती रोज घाम गाळून चालते आणि कुठेच पोचत नाही. तुझ्या फिरत्या घराची धाकटी बहीण. वर जागा नाही म्हणून ते माझ्या खोलीत आलं आणि माझी खुर्ची गॅरेजमध्ये गेली. तात्पुरती, असं ड्वाइट म्हणाला. मला पलंगावर बसता येतं, तेव्हा अडचण अशी काही नाही. शेरिल चालायला येते तेव्हा मी वर जाऊन उभी राहते.

लोभ आहे तेवढा आहे, त्यात काटकसर नाही.

व्हर्ना

---

पेलिकन पार्क
८ फेब्रुवारी

ती. व्हर्नाताईस सा. न. वि. वि.

दुसरा हात झाला. तिसराही झाला. दर वेळी संध्याकाळी भिंत पांढरी आणि सकाळी ऑर्व्हल हजर. आता छताच्या कडेलाही पिवळे ओघळ दिसतात. रंग नाही, नुसतं दूध ओतलंय मी भिंतीवर.

आमच्या पार्कातल्या घराघरांत ही बातमी आगीसारखी पसरली. आमच्या सामुदायिक जेवणाला जो तो आपलं भांडं घेऊन येतो, तसं या वेळी जो तो आपलं मतही घेऊन आला. आर्डिथचं म्हणणं, हे भूत आहे, पाद्रीबुवांना बोलावून प्रार्थना करावी. आरमारात जन्मभर स्वयंपाक केलेला गस म्हणाला की जहाजावर असल्या डागावर ते नकाशा लावत. मला पटलं. कॅलेंडर टांगायला मी खिळा ठोकला, तर तो भिंतीत न थांबता थेट पलीकडे न्हाणीघरात निघाला. तू हसशील हे मला माहीत आहे. हास.

शेवटी पुन्हा दुकान गाठलं. दुकानदाराने या वेळी शब्द बदलले. घरात कुणी ओढायचं का, असं विचारलं. मी मान खाली घालून म्हटलं, वीस वर्षं. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, आजी, हा रंग त्या धुरापुढे टिकणार नाही. आधी भिंती धुवा, मग लाखेच्या प्रायमरचा हात द्या, नाहीतर तो माणूस असाच वर येत राहील. नवरा गेल्यावर बाईने कुठला काळ वापरायचा हे कुणी शिकवत नाही बघ.

म्हणून काल अमोनियाचं पाणी आणि स्पंज घेऊन बसले, आणि मागच्या खोलीतल्या ज्या फळ्यांवर अजून रंग चढला नव्हता तिथून सुरुवात केली. भिंतीवरून चहासारखं पाणी ओघळायला लागलं. बादलीवर वाकले आणि त्याचा वास आला. ताई, त्या वासावरून मी जन्मभर त्याच्याशी भांडले. पडदे धुतले, खिडक्या उघड्या टाकल्या, त्याला पावसात बाहेर बसवला. आणि काल ती बादली ओतायला न्हाणीघरात गेले तर ओतवेना. तिथेच टबाच्या काठावर बसून रडले. मग ओतली.

आता मला सरळ सांग, तू येणार आहेस की नाही? तुझी अट होती म्हणून मी हे सगळं करतेय. मी त्याला या घरातून पुसून काढायचा आणि तू तिकडे तळघरात पाय पसरून हसायचं, असं असेल तर मला आत्ताच कळू दे. एकटीने राहायचं असेल तर मी चॉकलेटी भिंतींत, त्याच्या वासात राहीन. तुझ्याशिवाय मला हा पांढरा रंग नको आहे.

उत्तराची वाट बघते. एवढं लिहून थांबते.

लोरीन

---

डेटन
१६ फेब्रुवारी

प्रिय लोरीन,

आशीर्वाद.

रविवारी चर्चच्या बायकांचं जेवण होतं. मी पाय सोडून गप्पा मारल्या, दोनदा जेलीचं सॅलड घेतलं आणि उशिरा घरी आले. तळघरात उतरले तर माझी खोली पुदिन्याच्या रंगाची झाली होती. चारी भिंती. रंग अजून ओला होता. शेरिल जिन्यात उभी राहून टाळ्या वाजवत म्हणाली, सरप्राइज! इथे आता तिची शिवणकामाची खोली होणार. माझे कपडे खोक्यांत भरून ठेवले होते, व्यवस्थित, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावून. उशीवर एका वृद्धाश्रमाचं चकचकीत पुस्तक होतं. त्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या हसत होत्या. ड्वाइट वर टीव्हीवर बास्केटबॉल बघत होता. मी आले तरी त्याने मान वळवली नाही.

रंग वाईट नाही. फक्त मला कुणी विचारलं नाही.

लहानपणी याच पोराने क्रेयॉनने भिंती रंगवल्या म्हणून मी त्याला उपाशी झोपवलं होतं. तेव्हाच आणखी दोन फटके द्यायला हवे होते.

तुझ्या पांढऱ्या रंगाची अट मी मागे घेते. चॉकलेटी रंग तसा मळखाऊ असतो. वासाचं म्हणशील तर मला हल्ली नाकाने फारसं कळत नाही. तुझ्या डब्यात एक कोपरा असेल तर लवकर कळव. आणि हे पत्र आर्डिथला वाचून दाखवू नकोस.

तुझी,
व्हर्ना

---

पेलिकन पार्क
२२ फेब्रुवारी

ती. व्हर्नाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला ब्रश सरळ सिंकमध्ये फेकला. ड्वाइटला फोन करून मी जे बोलले ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. गस बाजूला उभा होता, तो म्हणाला आरमारातही एवढं ऐकलं नव्हतं. शेरिलला म्हणावं, शिवण चांगली शिक. तुझ्या पोरांनी तुझे कपडे खोक्यांत भरायची वेळ आली की खोक्यांना खोळी शिवता येतील.

आता इकडची बातमी. भिंती धुतल्या, लाखेच्या प्रायमरचा एक हात, त्यावर पांढऱ्याचे दोन. तीन सकाळी झाल्या, काही वर आलं नाही. आर्डिथ येऊन बघून गेली आणि प्रार्थना लागू पडली असं सांगत सुटली आहे.

पण ऑर्व्हलच्या खुर्चीच्या वरच्या तेवढ्या डागावर मी प्रायमर लावला नाही. नुसता पांढरा मारला. तो आलाय पुन्हा, आणि तो तिथे राहणार. बाकीचं घर मी तुझ्यासाठी पांढरं केलं. तेवढी भिंत त्याची. खुर्चीही हलणार नाही. तुला ते आवडलं नाही तरी चालेल.

आता माझी अट ऐक. तू आलीस की दारातच उभं राहायचं, त्या डागाकडे बघायचं, आणि ‘घर’ म्हणायचं. मोठ्यांदा. माफी नको, भाषण नको, नुसता तो एक शब्द. त्याने बारा वर्षं त्याचीच वाट बघितली, आणि हट्टी माणूस, ऐकायला मिळाला नाही तरी मागितला नाही. मला आता तुमच्या दोघांमध्ये फोन इकडून तिकडे करत बसायचं नाही.

मागची खोली तुझी. तिला सकाळचं ऊन येतं. भिंती धुऊन प्रायमर लावून ठेवला आहे, पण रंग लावलेला नाही. रंग कुठला हवा ते तू सांगायचं.

बसस्टँडवर गसची गाडी घेऊन येते. खोकी आण, पण त्यांच्यावरच्या शेरिलच्या चिठ्ठ्या फाडून टाक.

वाट बघणारी,
लोरीन

---

पोस्टकार्ड
मेकन, जॉर्जिया, बसस्टँड
२७ फेब्रुवारी

चि. लोरीन हिस खूप खूप आशीर्वाद.

हे कार्ड माझ्यानंतर पोचेल, पण पत्ता या वेळी नीट लिहिला आहे. पोस्टमनला क्लबहाउसच्या दारात खुशाल वाचू दे, आणि आर्डिथला पुढे बसव.

टेनेसीपासून तुझ्या त्या शब्दाचा सराव करते आहे. आधी घशाच्या वर येत नव्हता. चॅटनूगापर्यंत जमायला लागला. तेव्हा शेजारची बाई, मी कुणाशी बोलते ते न कळून, उठून मागच्या सीटवर गेली. ऑर्व्हलला सांग, सत्तरी ओलांडलेल्या बाईला एवढं छळणं शोभत नाही. आणि सांग की मी निघाले आहे.

खोलीला कुठलाही रंग चालेल, पुदिना सोडून.

गाडी सुटायची वेळ झाली. बाकी सगळं घरी आल्यावर.

व्हर्ना