सुनेच्या गाडीचं टायमिंग

४ नोव्हेंबर, मंगळवार
नाही, वेळ जात नाही म्हणून मी यात पडलेलो नाही. आमची सून क्षितिजा. मोहालीत इंजिनियर, वय चौतीस, आणि कामावरून घरी आली की रिमोटची गाडी पळवते. आम्ही नवराबायको सध्या तिच्याकडेच राहतोय. रविवारी इथून जवळच मुल्लानपूरला या गाड्यांच्या शर्यतीची फायनल. जिंकली तर पुण्याच्या स्पर्धेत नाव. माहेर पुण्याचं, आईवडील बघायला येणार म्हणे. तयारी काय, तर मोटरीच्या मागचं झाकण दोन डिग्री फिरवायचं, गाडी पळवायची, मोटरीचा ताप बघायचा, वहीत लिहायचं. परत दोन डिग्री. मोटर आहे की बाळंतीण?

५ नोव्हेंबर
मला समजावत होती. झाकण पुढे फिरवलं की टायमिंग वाढतं, त्याने पळ वाढतो, पण मोटर तापते. कराडला तीस वर्षं स्कूटरचं टायमिंग मी कानाने लावलं, तेही आठवी नापास असून. ठरवलं, हात लावायचा नाही. बसू दे वहीत लिहीत.

८ नोव्हेंबर, दुपारी ३
उद्यासाठी गाडी बॅगेत भरून ठेवली आणि ती बाजारात गेली. हात लावला. फक्त झाकणाला. चाकं हवेत धरून चालवली. दहा डिग्री पुढे, आवाज सुधारला. आणखी दहा, काय गोड आवाज! बोट लावलं, मोटर गार. कसला ताप नि कसलं काय. आमच्या हिने, सरोजने विचारलं, काय करताय. म्हटलं धूळ पुसतोय. नंतर पुसलीही.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११.२०
फायनल सुरू. क्षितिजा पहिली. बाकीचे दिसतसुद्धा नाहीत. शेजारच्या सरदारजींना सांगून टाकलं, टायमिंग अपना है.

११.२४
गाडी मंदावली. बॅटरी असेल.

११.२५
धूर.

रात्री
क्लबवाले जमले होते. एकाने झाकणावरची डिग्रीची खूण बघितली आणि विचारलं, इतना टायमिंग किसने रखा. क्षितिजाने माझ्याकडे एकदा बघितलं. म्हणाली, "मैंने ही रखा था जी. गलती मेरी है."
सरदारजी माझ्याकडे बघत होते. मी बुटाची नाडी बांधत होतो.
घरी येऊन तिने आईला फोन केला, पुण्याला येणं होत नाही म्हणाली. नवऱ्याला, आमच्या शिशिरलाही काही सांगितलं नाही. जेवताना मला भाजी वाढली.
मोटरच हलकी असणार.
याच्यावर मला आणखी काही लिहायचं नाही.