माझ्या नावाचा फायनल एक्झिट

४ फेब्रुवारी २०१८, अबकैक
ह्यांना आज प्लांटमधून पत्र. जागा सौदी माणसाला द्यायची, मार्चअखेर सुट्टी. सत्तावीस वर्षं आणि निरोपाला एक पान! ह्यांनी ते टेबलावर ठेवलं. दूध उतू गेलं, दोघांनी पाहिलं, उठलं कुणीच नाही.

६ फेब्रु.
हे ठाम. राजापूरला म्हातारपण काढायचं नाही. "तिथे व्याजावर टॅक्स, भाड्यावर टॅक्स. इथे शून्य." हुफूफचा एक खजुरांचा व्यापारी ह्यांचा कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार मालक, व्हायला तयार आहे. गोदामाचं काम बघायचं, संध्याकाळी खजुरांच्या बागांतून फिरायचं. खरं सांगायचं तर मला आवडलं. राजापूरला माझं उरलंय कोण? विचारलं, घर किती खोल्यांचं?
"बघू."

१९ फेब्रु.
बायकोमुलांमागे दर महिन्याची सरकारी फी. गेल्या वर्षी सुरू झाली, यंदा दुप्पट, पुढे आणखी. नवा पगार जेमतेम निम्मा. हे कागदावर काहीतरी मांडतात, मी आले की कागद उलटा.
म्हटलं, "टॅक्स चुकवायला आयुष्य इथे काढलंत, आता घरात टॅक्स बसलाय तो मीच." चेष्टाच केली. हसले नाहीत.

३ मार्च
ह्यांच्या भाचीचं लग्न, राजापूर. मी एकटी जाऊन महिन्याने परत. तिकीट २२ चं. परत यायचा व्हिसा हे मोबाइलवर काढतील. बायकोने देशाबाहेर कधी जायचं आणि परत यायचं की नाही, सगळं नवऱ्याच्या ॲपमध्ये. इतकी वर्षं त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

७ मार्च
मेसेज आला. अरबी. इतकी वर्षं राहून दोन शब्द तरी वाचता येतात. खुरूज निहाई.
फायनल एक्झिट. माझ्या नावाने. साठ दिवसांत देश सोडायचा, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास, परत येणं नाही.
पाच वेळा वाचला. मग भाजी चिरायला घेतली, का ते माहीत नाही. बोट कापलं तेव्हा—

७ मार्च, दुपार
हे आले. फोन समोर धरला.
"अगं, बटन चुकलं. दोन्ही शेजारी-शेजारी असतात."
"मग रद्द करा."
"करतो ना. होतं रद्द. बाहेर पडायच्या आत करायचं फक्त."
चुकलं असेल. चुकतं माणसाचं. प्लांटमध्ये सत्तावीस वर्षं व्हॉल्व उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या माणसाचं मात्र...

११ मार्च
सर्व्हर बंद आहे म्हणे.

१४ मार्च
उद्या करतो म्हणे.
सानियाचा पुण्याहून फोन. "अम्मी, जस्ट आस्क हिम ना! सीधा पूछो." पोरीला सोपं वाटतं. विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं तर? लग्नाला बत्तीस वर्षं झाली, ह्या माणसाला मी कधी घाबरले नव्हते. आज उत्तराला घाबरते.

१७ मार्च
हुफूफच्या व्यापाऱ्याचा फोन मी उचलला. हे अंघोळीला होते. तोडक्या हिंदीत म्हणाला, "मदाम, बोलो उसको, बेड तैयार."
घर नाही म्हणाला. बेड.
फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. जेवणात मीठ दोनदा पडलं, हे ताट संपवून उठले. त्याचा जास्त राग आला.

२० मार्च
परवा विमान. बॅग भरली. उन्हाळी कपडे घेतले, हिवाळी कपाटात ठेवले. मग हिवाळीही काढले. मग परत ठेवले.
असरच्या अजानला हे उठले. ॲप उघडून फोन माझ्यापुढे सरकवला. "तूच कर. माझा हात नको आता त्यात." आणि मशिदीकडे गेले. डोळे लाल होते. रडले असतील तर माझ्यासाठी की स्वतःसाठी, कोण जाणे.
माझं नाव. त्याखाली 'रद्द करा'. दाबलं.
एक चौकट उघडली. नक्की का? खूण करा. खूण केली. दुसरी चौकट. पुन्हा एकदा, नक्की का?
म्हणजे ७ तारखेला त्यांनाही विचारलं असणार. दोनदा.
बोट तिथेच आहे. जिन्यावर त्यांच्या चपला वाजतायत.