व्याजाचा तुकडा

प्रिय इंदू,

पत्राला कारण एक अर्ज आहे. आपली पोस्टातली ठेव या महिन्यात पूर्ण झाली. तोच पैसा पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवायचा तर नवा अर्ज भरावा लागतो. नाव, पत्ता, रक्कम, सगळं भरून झालं. एकच रकाना राहिला आहे आणि तो चार दिवस झाले टेबलावरून माझ्याकडे बघतो आहे. विचारणार कोणाला? या घरात विचारायचं म्हणजे तुलाच विचारायचं, ही सवय अजून गेलेली नाही. म्हणून लिहायला बसलो.

मागच्या वेळी हा अर्ज तूच भरला होतास, आठवतं? मी नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्यभर पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला एकदम एवढी रक्कम हातात आल्यावर काय करायचं ते कळत नव्हतं. तू मला सदर भागातल्या पोस्टात नेलंस, पेन्सिलीने फुल्या मारल्यास आणि मी फुलीफुलीवर सह्या केल्या. वाचलं काहीच नाही. वारसाच्या रकान्यात तुझं नाव तू तुझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतंस.

शुक्रवारी मी एकटाच गेलो. अर्ज स्वतः भरला, आणि हाताला वळण असल्यासारखं त्या रकान्यात तुझंच नाव लिहिलं. खिडकीवरच्या मुलीने जुनं पासबुक पाहिलं, नवा अर्ज पाहिला आणि सहज विचारलं, काकू सोबत नाही आल्या का. मी म्हटलं, ऑक्टोबरमध्ये गेली. ती खालच्या आवाजात म्हणाली, "काका, नॉमिनी जित्ता पाहिजे न."

तिने काही वाईट म्हटलं नाही गं. नियमच तो. तिने दुसरा कोरा अर्ज दिला, पाणी देऊ का म्हणून विचारलं. मी अर्जाची घडी करून खिशात घातली आणि मनीषनगरला घरापर्यंत बसमध्ये उभा राहून आलो. जागा रिकामी होती तरी.

यंदाचं बजेटही मी एकट्यानेच पाहिलं. म्हणजे टीव्ही लावला आणि समोर बसलो. दरवर्षी तू वही घेऊन बसायचीस आणि मी मागच्या खुर्चीतून ओरडायचो की झालं, देश बुडाला, एवढं कर्ज, एवढं व्याज! तू मान न वळवता म्हणायचीस, बुडू द्या, आधी चहा टाका. यंदाही तो कर्जाचा आकडा आला, मी सवयीने म्हटलं, "बुडाला देश." मग मी टीव्ही बंद केला. चहासुद्धा टाकला नाही.

खरं सांगू? मला बजेट कधी कळलंच नाही. तू कॉलेजात पोरींना अर्थशास्त्र शिकवायचीस आणि घरात मी, दहावी नापास. मला कळत नाही हे तुला कळू नये म्हणून मी ओरडायचो. तुला ते कळलेलं होतं ना? मग एकदा तरी म्हणायचं होतंस, बसा इथे, सांगते. मी बसलो नसतो, हेही खरं. पण तू म्हणायला हवं होतंस.

विहारातल्या तुझ्या त्या रविवारला मी एकदाही आलो नाही. बजेटनंतरचा पहिला रविवार, वंदना झाली की बायका सतरंजीवर बसायच्या आणि तू त्यांना सरकारचा रुपया कुठून येतो आणि कुठे जातो ते समजावून सांगायचीस. सकाळपासून अंगणात उलट्या मडक्यावर दोन लंबी रोट्या टाकायचीस, हातावर झुलवून झुलवून पार चादरीएवढ्या. त्या परातीत झाकून न्यायचीस. एक येण्याची रोटी, एक जाण्याची रोटी. पेपरातलं ते गोल चित्र बघून कात्रीने तुकडे पाडायचीस: हा आयकर, हा जीएसटी, हे राज्यांना, हे सैन्याला. शेवटी ज्याचा तुकडा त्याने वरणासोबत खायचा. हे मी सगळं ऐकूनच जाणतो. मी त्या वेळी घरी झोपलेला असायचो.

आणि गेली पाच वर्षं तू परत येताना एक तुकडा फडक्यात बांधून आणायचीस. माझ्या ताटात ठेवून म्हणायचीस, घ्या, हा तुमचा. मी विचारायचो, काय आहे हा? तू म्हणायचीस, व्याज. मला वाटायचं, उरलंसुरलं माझ्या माथी मारते आहेस. आणि मी व्याजाच्या नावाने एवढी बोटं मोडतो म्हणून वर चिडवतेस. मी वरणात बुडवून खाऊन टाकायचो. पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही की मलाच का.

यंदा विहारातल्या बायका घरी आल्या. चौघी जणी होत्या. म्हणाल्या, बाईंचा रविवार बंद पडू द्यायचा नाही, तुम्ही या. मी सरळ नाही म्हटलं. जाताना एकीने दारातल्या तुझ्या चपलांकडे पाहिलं. अजून तिथेच आहेत त्या. मी नाही हलवल्या.

मग करुणाचा सावनेरहून फोन आला. तुझ्या बहिणीच्या या पोरीने आपल्याकडे राहून बारावी केली, तेव्हापासून दरवर्षी तुझ्यासोबत रोटी कापायला ती यायची. आता तिचे स्वतःचे शिकवणी वर्ग आहेत. मी तिला म्हटलं, तूच बोल, मला त्यातलं काही येत नाही. ती म्हणाली, "मी रोट्या घेऊन येतो. बोलान तुम्हीच. मावशीच्या घरचं माणूस बोललं पाहिजे." फोन ठेवल्यावर मी तुझी वही काढली.

दोन दिवस वाचत बसलो. तुझं अक्षर दिसायचं, मजकूर डोक्यात शिरायचा नाही. कोपऱ्यात कुठे कुठे वाण्याकडून आणायचं सामान लिहिलेलं आहे. एका पानावर नुसतं "यांच्या गोळ्या" एवढंच. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. शेवटी पेपरातलं गोल चित्र पाठ केलं आणि रविवारी गेलो.

इंदू, मी तुझं नाव घालवलं. सतरंजीभर बायका, समोर परातीत दोन रोट्या, करुणा कात्री घेऊन बसलेली. मी एकेक तुकडा उचलून त्याचं नाव सांगितलं. मग दोन्ही रोट्या शेजारी ठेवल्या आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, बघा, येणाऱ्या रोटीएवढीच जाणारी रोटी आहे. रुपया आला, रुपया गेला. तूट कुठे आहे? उगाच ओरडतात लोक. मी स्वतः इतकी वर्षं ओरडत होतो, हे मात्र सांगितलं नाही.

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. करुणा हळूच पुढे सरकली आणि येण्याच्या रोटीतला सगळ्यांत मोठा तुकडा तिने बाजूला काढला. "काका, हा कर्जाचा हाय. तुम्ही ह्याले कमाईत मोजून राहिले."

रोटीत केवढी मोठी फट पडली! ती फट म्हणजे तूट. एवढी साधी गोष्ट. सरकारला कमी पडतं तेवढं ते उसनं आणतं, आणि ते उसनंही येण्याच्याच बाजूला लिहितं, म्हणून गोल पूर्ण दिसतो. तू दरवर्षी हाच तुकडा सगळ्यांत आधी बाजूला काढायचीस म्हणे. मी आलो असतो तर मला माहीत असतं ना?

मला वाटलं उठून घरी जावं. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "तूट न् कर्ज येकच का गा?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला वहीतलं एक अक्षर आठवेना. आठवली ती टाकी.

मी म्हटलं, मावशी, मी चौतीस वर्षं टाकीवर होतो. वस्तीला पाणी जास्त लागायचं आणि आमच्या टाकीत कमी यायचं. मग शेजारच्या टाकीतून घ्यायचो. आज जेवढं घेतलं, ती आजची तूट. पहिल्या दिवसापासून घेतलेलं आणि अजून परत न केलेलं सगळं मिळून झालं कर्ज. तूट थोडी कमी झाली म्हणून कर्ज कमी होत नाही. फक्त ते सावकाश वाढतं. हे बोलताना मलाच ते पहिल्यांदा कळत होतं. तिने मान डोलावली. मग तिने विचारलं, मग कर्ज घेतंच कशाला सरकार? मी म्हटलं, टाकी बांधायला. ज्या टाकीवर मी नोकरी केली ती कर्जातूनच बांधली होती, आणि पन्नास वर्षं लोक तिचं पाणी पितात. मग तिचा सगळा पैसा पहिल्याच वर्षीच्या लोकांनी का द्यायचा? पण रोजची गळती भागवायलाच कर्ज काढत राहिलं, तर मागे काही उरत नाही, नुसतं व्याज उरतं.

इतकी वर्षं तू रोटीवर शिकवलंस. मला टाकी विचारली असतीस तर मी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं. पण तू तरी कशी विचारणार? मी झोपलेला होतो.

मग जाण्याच्या रोटीतला व्याजाचा तुकडा आला. मी नेहमीसारखा त्याच्यावर घसरलो, की बघा, एवढी रोटी सावकारांच्या घशात जाते. करुणाने तो तुकडा उचलला, फडक्यात बांधला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "मावशी सांगे, सरकारले उधार देणारे काही बाहेरचेच नसते. बँकेत, विम्यात, पोस्टात पैसा ठेवणारे आपलेच लोकं असते. माह्या घरीच एक बसला हाय म्हणे, त्याचा तुकडा बांधून ठेव."

सतरंजीवरच्या साऱ्या बायकांना हे माहीत होतं. पाच वर्षांपासून माहीत होतं. दर तीन महिन्यांनी पोस्टातून जे व्याज यायचं, ज्यातून माझ्या गोळ्या यायच्या, तो हा तुकडा. ज्याच्या नावाने मी टीव्हीपुढे बसून बोटं मोडत होतो, तो सावकार मीच होतो. आणि तू मला तोंडावर कधी खोटं पाडलं नाहीस. रोटीचा तुकडा ताटात ठेवायचीस, आणि मी विचारायची वाट बघायचीस. पाच वर्षं वाट बघितलीस का गं?

मी त्या बायकांसमोर रडलो. लपवलं नाही. कोणीतरी वरण वाढायला घेतलं, त्यामुळे जरा आडोसा झाला.

म्हातारीचा एक प्रश्न अजून राहिला होता. जेवताना तिने विचारलं, सरकार हे सगळं फेडणार कधी. मी म्हटलं, जुनं फेडतं आणि त्यासाठी नवं घेतं. सरकारला वय नसतं, त्यामुळे लोक त्याला देत राहतात. कमाई वाढत राहिली तर चालतं, नाहीतर सगळी रोटी व्याजातच जाते. घरचं तसं नसतं, मावशी. घरात माणसं मरतात.

तुकडा घेऊन मी घरी आलो. कुलूप काढलं, ताट घेतलं, तुकडा त्यात ठेवला. घ्या, हा तुमचा, असं म्हणायला कोणी नव्हतं. मीच म्हटलं. अगदी मोठ्याने म्हटलं, इंदू. मग बसून खाल्ला. कोरडाच खाल्ला, वरण आणायचं राहून गेलं होतं.

आज मंगळवार. अर्ज समोर आहे. मी पूर्ण वाचला, पहिल्यांदाच. देणारा मी, घेणारं सरकार. घेणाऱ्याच्या मागे कोण, हे कुठेच विचारलेलं नाही. देणाऱ्याच्या मागे कोण, त्यालाच रकाना आहे. तो रकाना भरला की तू गेलीस हे मी स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं होईल, म्हणून चार दिवस पेन उचललं नाही. पुण्यानुमोदनाला नाही, मृत्यूचा दाखला आणला तेव्हा नाही, या एवढ्याशा रकान्यापुढे मी अडलो. तू असतीस तर फुली मारून मोकळी झाली असतीस.

तुला शब्द देतो. उद्या सकाळी मी सदरला जाईन आणि त्या रकान्यात करुणाचं नाव लिहीन. पुढच्या वर्षी बजेट ऐकताना ओरडणार नाही, वही घेऊन बसेन आणि आधी चहा टाकेन. त्या रविवारी कर्जाचा तुकडा सगळ्यांत आधी बाजूला काढेन. अंगणातल्या मडक्यावर रोटी टाकायलाही करुणाकडून शिकेन. पहिल्या काही फाटतील, तू हसू नकोस.

एक बरं झालं. अर्ज नवा आहे, तो रकाना कोरा आहे. त्यात तुझं नाव कुठे खोडावं लागणार नाही.

तुझा,
वसंतराव
(तू रागावलीस की याच नावाने हाक मारायचीस. आता तीही चालेल.)