तीन सारखे रकाने

जानेफळ,
१२ जानेवारी २०२४

चि. सुवर्णास,
सप्रेम जयभीम. अ. आ.

तुझ्या प्रकाशनाने पाठवलेली माझ्या व्याकरणाच्या पुस्तकाची मुद्रितं मिळाली. फोनवर तू 'हो आत्या' म्हणून विसरतेस, म्हणून लिहूनच विचारते. पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी मी तीन रकाने केले होते: पुस्तकी मराठी, आपली वऱ्हाडी आणि तांड्यावरच्या बंजाऱ्यांची गोरमाटी. तिन्ही सारख्या रुंदीचे. मूल घरची भाषा नियमानेच बोलतं, एवढं शिक्षकांना दिसावं म्हणून सात वर्षं घातली. छापताना एका रकान्यावर 'योग्य रूपे' आणि दोहोंवर 'चुकीची रूपे' कुणी घातलं?

वाक्यांखालची नावंही गेली. माझी रीत तुला ठाऊक आहे. ज्याचं वाक्य, त्याला ते वाचून दाखवायचं. त्याने मान डोलावली, तरच वहीत. काल जनकाबाईंना त्यांचं पान वाचून दाखवलं. त्या शेजारच्या शेतात कापूस वेचतात. त्यांच्या वाक्याच्या जागी 'मी कापूस वेचत आहे' असं छापलंय. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, "हे बाई कोन व्हय? मी त नाई."

मी काय उत्तर द्यावं, ते कळव. तुझ्या बाबांचा गुडघा बरा आहे, कुरकुर तशीच.

तुझी आत्या,
सिंधू

पुणे,
२२ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

बदल मीच केले. कॉलेजात पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं आणि अख्खा वर्ग हसला होता, हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या पुस्तकाला कुणी हसू नये, एवढंच मनात होतं. आता आमच्या साहेबांना मथळे काढा म्हटलं, तर ते म्हणतात, मथळे राहतील, नाहीतर पुस्तक राहील. जूनच्या प्रशिक्षणात ते शिक्षकांच्या हाती पडायचं असेल, तर या आठवड्यात होकार हवा. नावं मी शेवटच्या पानावर घालून घेते. लग्नपत्रिकेतल्याही चुका काढणारी तू. पण एकदा, माझ्यासाठी, थोडं सोड.

राग असू दे, माया कमी करू नको.

तुझी,
सुवर्णा

जानेफळ,
३० जानेवारी २०२४

चि. सुवर्णास,
अ. आ.

नाही.

शेवटच्या पानावर म्हणजे पंगतीत शेवटी ना? तशा पंगतीतून तुझे आजोबा न जेवता उठून आले होते. मी त्यांची मुलगी आहे.

वर्ग हसला, तेव्हा चूक वर्गाची होती. ती तू माझ्या पुस्तकात दुरुस्त करायला निघालीस. तुझ्यावर रागावले आहे, आणि तुला तिथे एकटीला ऐकून घ्यावं लागलं म्हणून स्वतःवरही.

माझी वही साहेबांच्या टेबलावरून उचल आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठव. चिखलीचा छापखानेवाला तिन्ही रकाने सारखे छापायला तयार आहे. जून हुकेल, प्रशिक्षणही हुकेल. दोनशेच प्रती निघतील. त्या मी जीपने शाळाशाळांत नेऊन देईन.

पुण्याचा नकार जनकाबाईंना सांगताना माझाच आवाज पडला होता. त्यांनी ओटीतला कापूस गाठोड्यात टाकला आणि त्या म्हणाल्या, "नाई छापत त नको छापू म्हना. आमी बोलनं थोडीच सोडून राह्यलो."

माया आहे तशीच आहे. ती मोजायची असेल, तर इकडे ये.

तुझी आत्या,
सिंधू