मुख्य वापरकर्ता

१२ एप्रिल, रविवार

रायपूरला पोचलो. वर्ध्याहून सकाळी सहाला निघालो. देवरीला गाडी चार्जिंगला लावून पोहे खाल्ले, आणि दोनच्या आत शंकर नगरातल्या नव्या घरासमोर उभे होतो. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, एक मोठी गच्ची, खाली गाडीला छपराची जागा. श्रावणीने गच्चीवर तीन फेऱ्या मारल्या आणि आपण इथेच राहू म्हणाली. ती सहा वर्षांची आहे, तिला घर लगेच आवडतं.

घरमालक शरच्चंद्रजी खाली राहतात. आम्ही मराठी म्हणून त्यांनी भाडं ठरवताना फार ताणलं नाही. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. परत जायचा हुकूम अजून आला नाही, म्हणून थांबलो आहोत, असं ते न हसता सांगतात. नंतर राधिका हसली तेव्हा तेही हसले.

गाडी पाच दिवसांची आहे. विजेची, पांढरी. पुढे काय आहे ते पाहते, लेन सुटायला लागली की वळवते, वेळ आली तर स्वतः ब्रेक लावते. ती घेतानाची गोष्ट लिहून ठेवतो. शोरूममधल्या फॉर्मवर 'मुख्य वापरकर्ता' असा रकाना होता. मी न थांबता बाबांचं नाव आणि नंबर लिहिला. आमच्या घरात गॅस, वीजमीटर, माझी कॉलेजची स्कूटर, सगळं बाबांच्या नावावर असायचं. हाताला तेवढंच माहीत. बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. नंबर चालू आहे, आई तो रिचार्ज करते. ओटीपी तिच्याकडच्या फोनवर आला आणि तिने चष्मा वर करून सहा आकडे वाचून दाखवले. मग तिने पिशवीतून बाबांचा हार घातलेला फोटो काढला आणि चालकाच्या सीटवर टेकवून ठेवला. नव्या गाडीत पहिल्यांदा त्यांनी बसावं. समोरच्या कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकला. सेल्समन म्हणाला, गाडीने चेहरा नोंदवून घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नाव नंतर बदलता येतं म्हणाले. बदलीन.

१५ एप्रिल, बुधवार

ऑफिस नवा रायपूरला. तेलीबांध्यापर्यंत गर्दी, तिथला तलाव मागे पडला की रस्ता मोकळा होतो, आणि पुढे इतका मोकळा की माणूस दिसला तर बरं वाटतं. सहा पदरी रस्ते, कापलेलं गवत, बंद इमारती. चोवीस मिनिटं लागतात.

रोज बसलो की पडद्यावर बाबांचं नाव येतं : नमस्कार, शालिग्राम. ऑफिसमध्ये सांगितलं तर सगळे हसले. राधिका हसली नाही. नाव बदलून घे म्हणाली, पोट्टीला ते वाचता येतं.

२१ एप्रिल, मंगळवार

आज गाडी चाळीसच्या वर गेली नाही. मोकळ्या रस्त्यावर, पेडल पूर्ण दाबून, चाळीस. मागून ट्रक हॉर्न देत निघून गेले. एक स्कूटरवाला काच ठोकून म्हणाला, नई गाड़ी है क्या भैया, सजा के रखो.

बाबा चाळीसने चालवायचे. ते रेल्वेत गार्ड होते. घाई केलेला माणूस त्यांना आवडत नसे.

लिहिताना लक्षात आलं की हे लिहायचं काही कारण नाही.

२५ एप्रिल, शनिवार

सर्व्हिस सेंटरला गेलो. निरंजन साहू नावाचा मेकॅनिक आहे, माझ्याच वयाचा, शांत. लॅपटॉप जोडून तासभर पाहत बसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "भैया, फॉल्ट गाड़ी में नहीं है. ऑर्डर आ रहा है."

कुणाची, विचारलं. मुख्य वापरकर्त्याची. मंगळवारी सकाळी नऊ बारा, वेगमर्यादा चाळीस. मोबाइलवरच्या ॲपमधून. शालिग्रामजी घरचेच आहेत ना, त्यांना सांगा काढायला.

त्याला सांगितलं, ते नाहीत. त्याने नोंदीची वेळ पुन्हा तपासली. मग म्हणाला, मग फोन कुणाच्या तरी हातात असेल. एक छोटी वही करा, जेव्हा जेव्हा होईल तेव्हा तारीख आणि वेळ लिहा, कंपनी कागदावरचंच मानते. मी रोजनिशी लिहितो म्हटलं. मग तीच खिशात ठेवा म्हणाला.

घरी येऊन आईला फोन केला. बाबांचा फोन देवघराच्या फळीवर आहे. गुरुवारी ती तो चार्ज करते, बाकी कुणी हात लावत नाही. ॲपचं विचारलं. त्यात कसलं ॲप, म्हणाली.

ते मलाच आठवायला हवं होतं. बाबांचा फोन बटणांचा आहे. त्यात ॲप जात नाही.

२९ एप्रिल, बुधवार

सकाळी ९.४०. तेलीबांधा चौक. सिग्नल हिरवा. गाडीने स्वतः कचकन ब्रेक लावला. पुढे काही नव्हतं. मागचे ओरडले. मी पेडल दाबलं, ती हलली नाही. मोजून दोन सेकंदांनी डावीकडून वाळूचा डंपर लाल सिग्नल तोडून गेला.

मी नसतो.

राधिकाला सांगितलं. तिने श्रावणीला जवळ ओढलं. मग म्हणाली, मग राहू दे नाव.

निरंजनला विचारलं, गाडीला तो डंपर दिसला होता का. नाही म्हणाला. मधे इमारत आहे. त्या वेळची नोंद आहे. ब्रेक गाडीने लावला नव्हता. ऑर्डर होती.

२ मे, शनिवार

शांतपणे लिहितो.

राधिका आणि श्रावणी भाजी घ्यायला गेल्या होत्या. १२.०५ ला गाडीत बसल्या. दारं लागली, कुलूप पडलं, गाडी बंद झाली. एसी नाही, काच नाही. बाहेर त्रेचाळीस. हँडल ओढलं की सैल हातात येत होतं. राधिकाने फोन केला तेव्हा मी घरी होतो, पळत गेलो. बाहेरून दार ओढलं, भाजीवाल्याने दगड घातला. काचेला चरा पडला, फुटली नाही. आत श्रावणी ओकली. मग ती रडायची थांबली, ते जास्त वाईट होतं. १२.१६ ला कुलूप आपोआप उघडलं.

अकरा मिनिटं.

डॉक्टर म्हणाले, अजून दहा झाली असती तर.

निरंजनने पाहिलं. मुख्य वापरकर्ता : प्रवासी सुरक्षित ठेवा.

बाबा रात्रपाळीला जाताना आम्हाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून जायचे. किल्ली त्यांच्याबरोबर गोंदियापर्यंत जायची. मी आठ वर्षांचा असताना शेजारी आग लागली होती, तेव्हाही आम्ही आतच होतो. आल्यावर ते म्हणाले, पाहा, कुठे गेले नाहीत म्हणून सुखरूप आहेत.

३ मे, रविवार

नाव काढायचे दोन मार्ग. एक, त्या नंबरवर ओटीपी येईल तो द्यायचा. दुसरा, मृत्यूचा दाखला कंपनीला पाठवायचा, त्याला दोन आठवडे. निरंजनने बजावलं : आधी गाडीवरून नाव, मगच नंबरचं काय ते. उलट करू नका.

आईला फोन केला. ओटीपी आला होता. तिने तो वाचला नाही.

"त्यायले काहून काढतं तू?" म्हणाली. "त्यायनं डंपरापासून वाचवलं तुले. राधिकानं सांगतलं मले."

मी श्रावणीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, उन्हाचं नेऊ नये पोरीला. आणि फोन ठेवला.

दाखला पाठवला. गाडी छपराखाली उभी केली. शरच्चंद्रजींची स्कूटर घेऊन जातो.

८ मे, शुक्रवार

गाडी उभी आहे. कुणी बसत नाही. सकाळी सात दहाला तिचे दिवे लागतात, आत एसी सुरू होतो, पंधरा मिनिटांनी बंद. श्रावणीच्या वर्ध्याच्या शाळेची बस सात पंचवीसला यायची.

इथे तिला शाळाच नाही अजून.

शरच्चंद्रजींनी विचारलं, कुणासाठी थंड करून राहिले गाडी. मी टायमर आहे म्हटलं.

१२ मे, मंगळवार

कंपनीचं उत्तर : दाखला तपासला जात आहे.

सकाळी गच्चीवरून पाहिलं. मागचं दार उघडं होतं, एसी चालू. श्रावणी दप्तर घेऊन जिना उतरत होती. कुणी बोलावलं विचारलं. "गाडीने हॉर्न दिला ना," म्हणाली.

मी हॉर्न ऐकला नव्हता.

ऑफिसला गेलो नाही. आईने महिन्याभरापूर्वी पाठवलेले कागद होतेच. मोबाइल कंपनीच्या दुकानात दाखला दिला आणि नंबर बंद करवला. बाई म्हणाल्या, हा कायमचा बंद होतोय, नक्की ना. नक्की म्हटलं. दुपारी चारला बंद झाला. मी लावून पाहिला. हा नंबर अस्तित्वात नाही.

निरंजनला सांगितलं तेव्हा त्याने तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाला, "उल्टा कर दिए भैया."

१५ मे, शुक्रवार

तीन दिवस काही नाही. दिवे नाहीत. पडद्यावर फक्त : नमस्कार. काल एकटा चालवून पाहिली. ऐंशीला गेली. आज पुन्हा. दारं दहादा उघडून मिटून पाहिली. राधिकाही बसली.

उद्या नवा रायपूरच्या शाळेत श्रावणीला दाखवायला न्यायचं आहे, बारा वाजता. राधिकाचा पहिलाच दिवस आहे नव्या कामाचा. कॅब बोलावतो म्हटलं. ती म्हणाली, आता काय झालं.

१६ मे, शनिवार

दुपारी १.२०. गाडीतून लिहितो आहे. शाळा झाली, परतताना सेक्टरच्या रस्त्यावर गाडी कडेला गेली, थांबली, कुलूप. श्रावणी मागे, पट्ट्यात. मी पुढे. एसी बंद. पडद्यावर : प्रवासी सुरक्षित. परवानगीसाठी मुख्य वापरकर्त्याशी संपर्क साधा.

बाहेर ४४, आत ३९.

११२ ला फोन केला. कोणता सेक्टर विचारतात. पाटी दिसत नाही. निरंजन निघाला आहे, तासभर लागेल.

१.२९. काच लाथेने होत नाही. फोडायला सीटचं हेडरेस्ट काढावं तर निघत नाही. रस्त्यावर कुणी नाही. एक कुत्रा, तोही सावलीत गेला.

आत ४३. श्रावणीने बूट काढले. पाणी अर्धी बाटली. तिच्या डोक्यावर ओततो आहे. तिचा पट्टा सुटत नाही.

१.३६. निरंजन म्हणतो कंपनी दुरून दार उघडू शकते. मुख्य वापरकर्त्याच्या नंबरवर ओटीपी जाईल, तो सांगितला की उघडेल. मी म्हटलं तो नंबर नाही. तो म्हणाला माहीत आहे. तरी पाठवतो, दुसरी पद्धत नाही.

मी बंद केला. मीच —

१.४१. ४६. ती झोपते आहे. झोपू देत नाही. पाढे म्हणून घेतो. दोनचा. सहापर्यंत म्हणाली.

१.४४. निरंजनचा फोन. आनंदाने ओरडला — हो गया, ओटीपी दे दिए, खुल गया ना?

कुणी दिला?

आईला लावला. फोन फळीवर आहे, म्हणाली. बंदच आहे. मंगळवारपासून.

दारं उघडली नाहीत.

१.४५. एसी सुरू. गार. श्रावणीने डोळे उघडले. देवा. पडद्यावर — नमस्कार, शालिग्राम.

१.४६. माझं दार उघडलं. फक्त माझं. श्रावणीचं नाही. तिला पुढे ओढतो, पट्टा — सीट मागे सरकते आहे. मी बसलेला असताना. मागे, उंच माणसाच्या पायांना लागेल तेवढी. स्टिअरिंग वर गेलं.

उतरणार नाही. उतरलो तर —

तिचं दार बाहेरून उघडेल कदाचित. एक पाय आत ठेवून —

२.१५. पोलिसांची जीप. मला पाणी दिलं. कंट्रोल रूमला पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्यात गाडी सापडली. वेग ३८. नागपूर रस्त्याकडे. अडवतील म्हणतात.

फोटो पाठवला आहे. हवालदाराने मोबाइल माझ्यापुढे धरला. श्रावणी मागे नाही, पुढे बसली आहे, पट्टा लावून. शेजारी वर बघून काही सांगते आहे. जिवंत आहे. हसते आहे.

ते विचारतात गाड़ी कौन चला रहा है, पहचानते हो. रिपोर्टसाठी लिहून द्या म्हणतात. लिहितो.

मी, भार्गव शालिग्राम, लिहून देतो की फोटोत गाडी चालवणारे हे माझे